आयरिश गावाची जत्रा कुणी बंद केली, हे आधी विचारा

मी राहते त्या आयरिश गावात गेल्या हिवाळ्यात एक बैठक झाली. विषय एकच होता. गावाच्या संताचा दिवस, ज्याला इथं 'पॅटर्न' म्हणतात, तो उन्हाळ्यात पुन्हा भरवायचा का? गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांच्या लहानपणी संताच्या झऱ्यावर फेऱ्या होत असत. झऱ्याशेजारची जत्रा त्याच्याही खूप आधी संपली होती. काही तरुण आईबापांनी कार्यक्रमाचा कागद तयार करून आणला होता. मुलांच्या शर्यती, चेहरे रंगवणं, हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला, दुपारी चहा आणि घरचे केक, संध्याकाळी फिडलवादन, आठ वाजता समाप्त, मैदानात दारू नाही. कागद वाचून झाला आणि भांडण सुरू झालं. एका बाजूनं ओरड झाली, ही जत्रा नाही, मुलांचा वाढदिवस आहे. संत कुठे आहे यात? दुसरी बाजू म्हणाली, संत हवाच कशाला, 'ग्रामोत्सव' म्हणा आणि मोकळे व्हा. इतिहासाचं वाचन असलेले एक गृहस्थ म्हणाले की खऱ्या पॅटर्नमध्ये व्हिस्कीचे तंबू असायचे, काठ्यांनी डोकी फुटायची. ते नको असेल तर 'पुनरुज्जीवन' हा शब्द वापरू नका, ती फसवणूक आहे. दीड तास हे चाललं. त्या दीड तासात झऱ्याचं नाव फक्त एकदा निघालं, गाड्या कुठे उभ्या करायच्या या प्रश्नावर. मला त्याचं फार वाईट वाटलं.

माझं मत आधीच सांगते. पॅटर्न भरवावा. मुलाबाळांसकट सगळ्यांना येता येईल असाच भरवावा. संताचं नाव ठेवावं, दिवस शक्यतो तोच ठेवावा आणि कार्यक्रमाच्या मधोमध झऱ्याच्या फेऱ्या असाव्यात. पण बैठकीत ज्या प्रश्नावर सगळे तुटून पडले होते, म्हणजे 'हे अस्सल आहे की नकली', तो प्रश्नच मला चुकीचा वाटतो. अस्सल पॅटर्न नावाची एक ठरावीक वस्तू कधी नव्हती. प्रत्येक शतकात कुणीतरी त्यातलं काहीतरी कापलं, कुणीतरी काहीतरी जोडलं. विचारायचं ते हे, की कात्री कुणाच्या हातात होती, आणि आता कुणाच्या हातात आहे?

मराठी वाचकाला पॅटर्न समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. शब्द आला 'पेट्रन'वरून, म्हणजे गावाचा पालक संत. आयरिश भाषेत 'पातरून'. आपण ग्रामदैवताची जत्रा म्हणतो तेच. संताच्या दिवशी लोक त्याच्या झऱ्यावर जमत. इंग्रजीत तिला विहीर म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी तो दगडांनी बांधून काढलेला जिवंत झरा असतो, शेजारी हॉथॉर्नचं किंवा ॲशचं झाड, झाडाला बांधलेल्या चिंध्या. कुणाचं दुखणं, कुणाचा नवस. झऱ्याभोवती ठरलेल्या फेऱ्या घालायच्या, अनवाणी, प्रार्थना म्हणत, आणि मोजणी चुकू नये म्हणून हातात खडे घ्यायचे. एक फेरी झाली की एक खडा टाकायचा. फेऱ्या नेहमी सूर्याच्या दिशेनं, झरा उजव्या हाताला ठेवून. या दिशेला आयरिश भाषेत 'देशल' म्हणतात. त्यातला मूळ शब्द 'देस' म्हणजे उजवा, आणि दक्षिणही. संस्कृतातल्या 'दक्षिण'चे अर्थही हेच दोन, आणि भाषाशास्त्रज्ञ या दोन्ही शब्दांचं मूळ एकच मानतात. हे मला कळलं तेव्हा मी गावातल्या झऱ्यापाशीच उभी होते. आमच्या गावच्या भैरोबाच्या देवळाभोवती आजीचं बोट धरून मी ज्या दिशेनं फिरले, त्याच दिशेनं इथली माणसं फिरत होती, आणि त्या दिशेला हाक मारायला दोघांकडे एकाच घरातला शब्द होता. यावरून लगेच प्राचीन एकात्मतेच्या गप्पा मारायला मी तयार नाही. देवाभोवती उजवीकडून फिरणं जगात इतरही अनेकांना सुचलं आहे. पण बैठकीत मी परकी म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं, ते मग मला जमलं नाही.

प्रार्थना संपली की जत्रा. तंबू पडत, खाणंपिणं, फिडल, पाईप, नाच, घोड्यांची खरेदीविक्री, लग्नं जुळवणं आणि मारामारी. जोसेफ पीकॉक नावाच्या चित्रकारानं १८१३ मध्ये विक्लोच्या डोंगरातल्या ग्लेन्डलॉख इथला सेंट केव्हिनचा पॅटर्न रंगवला. ते चित्र आज बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. जुन्या देवळांचे भग्न अवशेष, उंच गोल मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी माणसांचा समुद्र. त्या चित्रात प्रार्थना कुठे संपते आणि बाजार कुठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. 'धार्मिक भाग' आणि 'करमणुकीचा भाग' अशी जी वाटणी आमच्या बैठकीत जो तो गृहीत धरून बोलत होता, ती त्या माणसांना कळलीही नसती. आपल्याकडे तरी खंडोबाच्या जत्रेत भंडारा कुठे संपतो आणि रेवड्यांचं दुकान कुठे सुरू होतं?

ही वाटणी केली कुणी? याचा इतिहास लिहिलेला आहे आणि तो बैठकीत कुणीच काढला नाही. १६६० मध्ये ट्युअमच्या कॅथलिक धर्मसभेनं झऱ्यांवरचा नाच, बासरी, वाद्यं आणि दंगामस्ती यांवर बंदी घातली. १७०४ च्या प्रोटेस्टंट राजवटीच्या कायद्यानं झऱ्यांवर जमणं हीच बेकायदा जमवाजमव ठरवली. जो येईल त्याला १० शिलिंग दंड, जो तंबू ठोकून काही विकेल त्याला २० शिलिंग, भरता आला नाही तर चारचौघांत फटके. पाहा, एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन पक्ष, पण गरीब माणसाच्या जत्रेवर दोघांचं एकमत. तरी पॅटर्न चालू राहिला. फटक्यांनी न मेलेली गोष्ट पुढे उपासमारीनं मारली. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त जहाजांत बसून गेली. १८४१ मध्ये ८० लाखांच्या वर असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ६५ लाखांच्या आसपास आली. सर्वांत जास्त कोण गेलं? डोंगरकपारीतले भूमिहीन मजूर आणि लहान कुळं, ज्यांची भाषा आयरिश होती आणि ज्यांचा देव झऱ्यावर राहत होता. उरलेल्यांसाठी पॉल कलन हे रोमहून आलेले आर्चबिशप नवी शिस्त घेऊन आले. १८५० ची थर्ल्सची धर्मसभा त्यांनीच भरवली. संस्कार आता घरात आणि झऱ्यावर नकोत, चर्चच्या चार भिंतींत हवेत. नव्या प्रार्थना, नव्या मंडळ्या, नव्या देखण्या इमारती. एकामागून एक पॅटर्न बंद झाले किंवा नुसत्या प्रार्थनेपुरते उरले. वेक्सफर्डकडे आज 'पॅटर्न' म्हटलं की लोकांना दफनभूमीतली वार्षिक प्रार्थना आठवते; शब्द उरला, जत्रा गेली. आणि १९३५ मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर, चर्चच्या आग्रहानं सार्वजनिक नाचाला परवाना लावणारा कायदा आला, त्यानं घरातले आणि चौरस्त्यावरचे नाचही आटले.

आता इथे माझ्या विरोधातला सगळ्यांत धारदार मुद्दा येतो, आणि तो त्या इतिहासप्रेमी गृहस्थांचा आहे. ते म्हणतात, तुमचा मुलाबाळांचा पॅटर्न म्हणजे कलनसाहेबांचं स्वप्नच पूर्ण झालं की! दारू नाही, मारामारी नाही, रात्रीचा अंधार नाही, तरुण पोरापोरींनी एकमेकांना शोधणं नाही. बिशपांना जे दीडशे वर्षं धमकावून जमलं नाही ते तुम्ही हवेच्या किल्ल्यानं करून दाखवताय. हे ऐकून मी थोडा वेळ निरुत्तर झाले होते, हे कबूल करते. जत्रा ही वर्षातून एकदा शिस्तीच्या बाहेर पडायची जागा होती. वर्षभर जमीनदारापुढे मान खाली घालणाऱ्या माणसाला तिथं मान वर करता येत होती. ती बेशिस्त कापली की जत्रेतलं काहीतरी खरोखरच जातं. ते काही जात नाही असं म्हणणारा माणूस जत्रेत कधी गेलेला नसावा.

तरीही हा युक्तिवाद पुरा पडत नाही, आणि का पडत नाही हे दाखवायला थर्ल्समध्येच परत जाऊ या. ज्या गावात १८५० ची धर्मसभा भरली, त्याच गावात ३४ वर्षांनी, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, एका हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. मायकेल क्युसॅक हा त्यातला मुख्य माणूस. त्यांना हर्लिंग हा जुना खेळ वाचवायचा होता. हर्लिंग म्हणजे काय होतं तोवर? अनेक ठिकाणी गावविरुद्ध गाव, हातात वाकड्या काठ्या, माणसांची संख्या अनिश्चित, मैदानाची हद्द अनिश्चित. काठी चेंडूवर पडते की डोक्यावर, हा फरक कधीकधी पुसट. त्याला क्युसॅकच्या माणसांनी नियम दिले, मैदान दिलं, पंच दिला, आणि पॅरिशनिहाय, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे, संघ उभे केले. म्हणजे जुन्या हर्लिंगमधलं रानटीपण त्यांनी कापलंच. आज सहा वर्षांची पोरं शनिवारी सकाळी हेल्मेट घालून तो खेळतात, आया मैदानाच्या कडेला चहा पीत उभ्या असतात, आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कुणी आयरिश माणूस म्हणेल का की हे हर्लिंग नकली आहे, कारण यात पुरेशी डोकी फुटत नाहीत? मग पॅटर्नलाच ही अट कशासाठी?

कलन आणि क्युसॅक दोघांनीही कापलं. फरक असा की एकानं कापून जागा रिकामी केली आणि दुसऱ्यानं कापून ती माणसांनी भरली. आपल्याकडे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन जत्रांमध्ये जात. दिवसा जत्रेची घाण झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारत की देवाला बकरं का कापता, कर्ज काढून सण का करता. जत्रा बंद करा असं म्हणणं त्यांना सोपं होतं. सुशिक्षित सुधारकांपैकी बरेच तेच म्हणत होते. पण बाबा जत्रेतच गेले, कारण माणसं तिथं होती. माणसांवर माया ठेवून आतून केलेली सुधारणा आणि माणसांची लाज वाटून बाहेरून घातलेली बंदी, या दोन्हींत पशुहत्या थांबते एवढ्यावरून त्या एकच ठरत नाहीत.

आणि मारामारीबद्दल जरा स्पष्टच बोलू या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पॅटर्नमध्ये आणि बाजारात दोन-दोन टोळ्या काठ्या घेऊन भिडत, माणसं मरत. त्या दिवशी घरी बसलेल्या बाईला ही मुक्ती वाटत असेल का? नवरा शुद्धीवर परत येईल की फळीवर निजून येईल हे तिला ठाऊक नसे. जुन्या जत्रेची मोकळीक ही बहुतेक करून धडधाकट तरुण पुरुषांची मोकळीक होती. आजच्या मैदानात चाकाच्या खुर्चीतली आजी, बाबागाडीतलं बाळ आणि गोंगाट सहन न होणारं मूल या तिघांना दिवस काढता येतो. ही मोकळीक वाढली की कमी झाली? मला तरी वाढलेली दिसते.

'मुलांसाठी केलं की उथळ होतं' हा समज तर मला मुळातूनच खोडायचा आहे. हरवलेल्या पॅटर्नबद्दल आज आपल्याला जे काही माहीत आहे, त्यातला मोठा भाग मुलांनी लिहिलेला आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांना कामाला लावलं. सुमारे ५ हजार शाळांतल्या ५० हजारांच्या आसपास मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून गावाची माहिती वह्यांत उतरवली. पवित्र झरे हा त्यांना नेमून दिलेल्या विषयांपैकी एक होता. कुठला झरा कुठल्या संताचा, फेऱ्या किती, खडे किती, कुठल्या दुखण्याला उपयोगी, कुणी झऱ्याचं पाणी चहाला उकळायला ठेवलं तर ते उकळलंच नाही. सुमारे ७ लाख ४० हजार पानं जमली. २०१७ मध्ये युनेस्कोनं आयर्लंडच्या लोकसाहित्य संग्रहातल्या दस्तऐवजांची जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली. विद्वान येऊन लिहून घेईपर्यंत अनेक म्हातारी माणसं थांबली नसती. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी शाईनं बरबटलेल्या बोटांनी ते वाचवलं. आमच्या गावच्या झऱ्याच्या फेऱ्या नेमक्या किती, यावर बैठकीनंतर वाद झाला, तेव्हा उत्तर अशाच एका मुलीच्या वहीत मिळालं. मग मुलांना पॅटर्नमधल्या पाहुण्यासारखं, फुगा देऊन गप्प बसवण्याच्या वस्तूसारखं का वागवायचं?

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो मी हलक्या आवाजात ऐकला. बैठक संपल्यावर एक साठीच्या बाई मला म्हणाल्या, या देशात मुलांना संतांच्या नावाखाली पुन्हा एकत्र जमवायचं, हे मला सोसवत नाही. त्यांना काय म्हणायचं आहे ते इथं कुणालाही विचारावं लागत नाही. २००९ चा रायन अहवाल, त्यात उघड झालेला धार्मिक संस्थांच्या 'औद्योगिक शाळां'तला, म्हणजे अनाथ आणि गरीब मुलांना ठेवायच्या वसतिगृहांतला, मुलांचा छळ. ट्युअमच्या माता-बाल गृहाच्या, म्हणजे अविवाहित आया आणि त्यांच्या बाळांना ठेवायच्या घराच्या, जागी सापडलेले अर्भकांचे अवशेष, ज्यांना २०१७ मध्ये चौकशी आयोगानं दुजोरा दिला. अनेक संस्थांना संतांचीच नावं होती. ज्या देशानं हे सोसलं, त्या देशातली एखादी बाई संताचं नाव ऐकून आक्रसत असेल, तर तिला 'हा आपला वारसा आहे' असं सांगणं हा उद्धटपणा आहे. मी त्या बाईंना काही उत्तर दिलं नाही. त्या यावर्षी आल्या नाहीत तर त्यांना कुणी का विचारू नये, एवढंच मी समितीला सांगितलं.

पण युक्तिवाद म्हणून मला इथेही काही म्हणायचं आहे. ज्या संस्थेनं मुलांचा छळ केला, त्याच संस्थेनं झऱ्यांवरची जत्रा मोडली होती. दोन्हींमागची भूक एकच होती. माणसाच्या जगण्यातला प्रत्येक कोपरा आपल्या देखरेखीखाली असला पाहिजे. झऱ्यावर पाद्री लागत नसे. फेऱ्या कशा घालायच्या ते आई मुलीला सांगे, एखादी म्हातारी झऱ्याची राखण करी, ठरावीक घर झऱ्यापाशी स्वच्छता ठेवी. पॅटर्नमधले संतही बहुतेक असे आहेत की रोमनं त्यांना कधी रीतसर संतपद दिलेलंच नाही. लोकांनी मानलं म्हणून ते संत. कॉर्कमधल्या बॅलीवूर्नी गावची गॉबनेट ही मधमाश्यांची संत. ११ फेब्रुवारीला लोक येतात, तेराव्या शतकातल्या तिच्या लाकडी मूर्तीला फीत लावून मापून घेतात आणि ती फीत घरी आजारपणासाठी जपून ठेवतात. हा धर्म कुठल्या पीठावरून खाली आला? झऱ्याचा संत संस्थेला बहाल करून टाकणं म्हणजे मोडणाऱ्याच्याच हाती पुन्हा किल्ली देणं. ती किल्ली गावाकडे होती, आणि गावानं ती परत घ्यावी.

'मग संत ठेवताच कशाला' म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी टाळत नाही. २०१६ च्या जनगणनेत आयर्लंडमधले ७९ टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. २०२२ मध्ये ६९ टक्के. धर्म नाही असं सांगणारे १४ टक्के. देशात राहणाऱ्या दर पाच माणसांतला एक बाहेर जन्मलेला. भारतीय नागरिकच तेव्हा सुमारे ४५ हजार. माझ्यासारख्यांना, शेजारच्या पोलिश आणि नायजेरियन कुटुंबांना, देव न मानणाऱ्या शाळामास्तरांना हा संत का चिकटवायचा? 'ग्रामोत्सव' म्हटलं तर सगळ्यांचं होईल. हे बोलणारी माणसं चांगल्या मनाची आहेत, आणि त्यांनी ते माझ्याकडे बघून म्हटलं, माझ्या सोयीसाठी. पण मला विचाराल तर नाव काढलेल्या उत्सवात माझ्यासाठी काहीच उरत नाही. चहा आणि केक तर रविवारच्या सहलीतही असतो. मला या गावाचं व्हायचं आहे, तर या गावाला स्वतःचं असं काही असायला नको का? मी पुण्याहून साताऱ्याच्या आमच्या गावी जत्रेला जायचे तेव्हा तिथल्या मुसलमान मास्तरांना कुणी विचारत नसे की भैरोबावर श्रद्धा आहे का. ते पालखीच्या वाटेवर पाण्याची घागर घेऊन उभे असत. मात्र त्याच गावात पालखीला खांदा कुणी द्यायचा हे जातीवरून ठरलेलं होतं, आणि काही माणसांना देवळाच्या पायरीपाशी थांबावं लागे, हेही मला आठवतं. म्हणून नाव ठेवायचं की पुसायचं यापेक्षा दार कुणाला उघडं आहे हे मी आधी बघते. साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं नाव पुसावं म्हणून नव्हे. विठ्ठल ज्यांचा होता त्यांना आत घ्यावं म्हणून. आमच्या झऱ्यावर फेऱ्या घालायला कुणाची श्रद्धा तपासू नये. ज्याला प्रार्थना म्हणायची तो म्हणेल, बाकीचे गप्प राहून चालतील. चालणं तर सगळ्यांना येतं.

श्रद्धाळू मंडळींचं मात्र मला जवळजवळ पूर्ण पटतं. त्यांची भीती अशी की संत निमित्तापुरता उरेल. ही भीती खरी ठरल्याची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. सेंट पॅट्रिकचा १७ मार्च हा या देशात एकेकाळी इतका गंभीर दिवस होता की १९२० च्या दशकापासून जवळपास १९६० पर्यंत त्या दिवशी दारूची दुकानं कायद्यानं बंद असत. आज जगभर तो हिरव्या टोप्यांचा आणि बिअरचा दिवस आहे. गोव्यात २४ जूनला सांजांव असतो, सेंट जॉनचा दिवस. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून गावोगावची माणसं वाड्यावाड्यांतल्या विहिरींत उड्या मारतात. तोच सण आता काही ठिकाणी तिकीट लावून हॉटेलच्या तरणतलावात होतो. विहिरीकडून तलावाकडे गेला त्या क्षणी तो कुणाचाही झाला आणि कुठलाही झाला. विहिरीची मालकीण कोण, गेल्या वर्षी तिच्या घरी कुणाचं लग्न झालं, हे तलावाला माहीत नसतं.

त्यामुळे माझी एकच अट आहे आणि तिच्यावर मी तडजोड करणार नाही. झरा मध्यभागी हवा. हवेचा किल्ला चालेल, चेहरे रंगवलेले चालतील, प्रायोजकाचा फलकही एखाद्या कोपऱ्यात चालेल, कारण सार्वजनिक कार्यक्रमाचा विमा इथं लहान गावाला झेपत नाही इतका महाग आहे आणि वर्गणीतून सगळं भागत नाही. पण दिवसाची सुरुवात झऱ्यावर झाली पाहिजे आणि पायांनी झाली पाहिजे. उत्सव कशानं टिकतो याबद्दल या देशाचा इतिहास बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो. १९२४ मध्ये नव्या आयरिश सरकारनं प्राचीन टाल्टन खेळ पुन्हा सुरू केले. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये भव्य सोहळा झाला, परदेशांतून पाहुणे आले. १९२८ आणि १९३२ मध्ये पुन्हा झाले, आणि संपले. वरून आलेला पैसा आणि उत्साह आटला की खाली धरून ठेवणारं काही नव्हतं. उलट अरन बेटांमधल्या इनिश ईर या सगळ्यांत लहान बेटावर सेंट क्वीवानचं एक जुनं देऊळ आहे. वारा वर्षभर त्याच्यावर वाळू लोटतो, देऊळ जमिनीखाली जातं. १४ जूनला संताचा दिवस, त्याआधी बेटावरची माणसं फावडी घेऊन येतात आणि वाळू उपसून देऊळ मोकळं करतात. दरवर्षी. तिथं कुणी 'अस्सल आहे का' असं विचारत बसत नाही. फावडं कुणाकडे आहे ते विचारतात. कॉनमाराच्या किनाऱ्याजवळ मॅकडाराच्या बेटापाशी १६ जुलैला होड्या जमतात. त्या बेटाजवळून जाताना शीड तीनदा खाली घेऊन संताला मान द्यायची कोळ्यांची जुनी रीत आहे. वॉटरफर्डमधल्या आर्डमोरला जुलैच्या शेवटी सेंट डेक्लनचा पॅटर्न अजून भरतो, मुलांच्या खेळांसकट, आणि झऱ्यावरही लोक जातात. हे सगळे उत्सव टिकले, कारण त्यात हातांना आणि पायांना काहीतरी करायला आहे, आणि ते त्या जागेवाचून करता येत नाही.

तारखेबद्दलही थोडं. समितीला रविवार सोयीचा वाटतो. मला संताचीच तारीख हवी, वार कुठलाही असो, कारण अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून घरी येणारी माणसं तारखेवर तिकीट काढतात. मुंबईची चाकरमानी मंडळी जत्रेच्या तिथीवर रजा टाकतात तशीच. पण यावर मी हटून बसणार नाही. १७५२ मध्ये इथली दिनदर्शिका बदलली तेव्हा अकरा दिवस गळाले, आणि तरी लोकांचे संत हरवले नाहीत.

यंदाच्या बैठकीला मी कागद घेऊन गेले. सकाळी दहाला झऱ्यावर जमायचं. त्या १९३८ च्या वहीत लिहिल्याप्रमाणे सात फेऱ्या, झरा उजव्या हाताला ठेवून. खडे मुलांनी आदल्या दिवशी ओढ्यातून वेचून आणायचे, प्रत्येक मोठ्या माणसाला सात. फेऱ्या दाखवायला गावातल्या त्या दोन आजी, ज्यांनी लहानपणी त्या घातल्या आहेत; एक ८९ वर्षांच्या, एक ९१. त्यांना वाटेवर बसायला खुर्च्या. झऱ्याभोवतीची काटेरी झुडपं आणि चिखल मे महिन्याच्या दोन शनिवारी काढायचा, त्यासाठी नावांची यादी फिरवली. इतिहासवाल्या गृहस्थांनी पहिलं नाव लिहिलं. किल्ला अकरानंतर फुगवायचा, हे मतदानानं ठरलं.